तळ्याला कठडा नको, माशाची तपासणी हवी

मृगाच्या पहिल्या दोन-चार सरी पडल्या की चिखले, घोलवड, डहाणूकडच्या वस्त्यांमध्ये एक ओळखीचे दृश्य दिसते. ओहोळ भरतात, शेतातले पाणी तळ्याकडे धावते आणि मासे धारेच्या उलटे चढू लागतात. यालाच आपण वलगण म्हणतो. पोरेबाळे, बायाबापड्या पाग, जुनी मच्छरदाणी, टोपली, हाताला लागेल ते घेऊन पळतात. त्या रात्री घरोघरी कालवणाचा वास सुटतो. ज्या घरात महिनाभर डाळभाताच्या पुढे काही शिजलेले नसते, त्या घरातही.

हे मासे खाणे बंद करा, असे सांगायला आम्ही हा लेख लिहीत नाही. एके काळी आम्ही तसेच सांगत होतो. ती आमची चूक होती. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

नर्सिंगचा डिप्लोमा घेऊन आम्ही नोकरीला लागलो, त्या काळातली गोष्ट. वस्तीतली एक गरोदर ताई तपासणीला आली. रक्त कमी, हिमोग्लोबिन आठच्या आसपास. बोलता बोलता कळले की घरामागच्या तळ्यातले मासे ती खाते. त्या तळ्यात गटार उतरत होते, ते आम्ही डोळ्यांनी पाहिले होते. आम्ही पुस्तकातले बोललो, "तळ्यातले मासे बंद कर." गोळ्या दिल्या, कार्डावर लिहिले आणि पुढच्या बाईला बोलावले.

दीड-दोन महिन्यांनी ती परत आली. रक्त वाढले नव्हते, उलट थोडे उतरलेच होते. काय खातेस विचारले. भात, चटणी, चहा. गोळ्यांनी मळमळते म्हणून त्याही अर्ध्याच घेतल्या होत्या. अंडे घरात आले तर पोरांना. बाजारातली मच्छी परवडत नव्हती. मग सुका जवळा तरी? ती म्हणाली, "बाई, तुम्हीच सांगितलंत ना, मासे बंद."

तिने आमचे शब्दशः ऐकले होते. तिच्या ताटातला एकुलता एक कसदार पदार्थ आम्ही काढून घेतला आणि त्याच्या जागी काहीच ठेवले नाही. तळ्यात गटार कोणी सोडले, हे आम्ही एका शब्दाने विचारले नाही. ज्याने घाण केली तो मोकळा सुटला आणि पथ्य मात्र तिच्या वाट्याला आले. नोकरी सोडून चळवळीत आलो तरी ती ताई आमच्या मनातून गेलेली नाही.

आजही बहुतेक ठिकाणी हेच चालते. तळे खराब झाले की गरिबाला सल्ला मिळतो, "खाऊ नका." आमचे म्हणणे वेगळे आहे. तळे शुद्ध करा, त्यातला मासा तपासा, निकाल फलकावर लावा. आणि ते होईपर्यंत कोणता मासा, किती, कसा खावा हे घराघरात नीट समजावून सांगा.

शिजवून काय जाते, काय जात नाही

तळ्यातली घाण दोन जातींची असते. हा फरक प्रत्येक आईला माहीत हवा.

पहिली घाण जंतूंची. संडासाची टाकी भरून वाहते, गटार उतरते, गुरे धुतली जातात. त्यातून जुलाब, विषमज्वर, कावीळ यांचे जंतू आणि जंत पाण्यात येतात. ही घाण आगीला घाबरते. मासा आतपर्यंत नीट शिजवला, हात, सुरी, पाट साबणाने धुतले, कच्च्या माशाचे पाणी कोशिंबिरीला लागू दिले नाही, तर या धोक्यातला मोठा भाग जातो.

दुसरी घाण आगीला घाबरत नाही. पारा, शिसे, कॅडमियम यांसारखे धातू आणि काही कीटकनाशके. कितीही उकळा, तळा, भाजा, ती तशीच राहतात. पारा माशाच्या मांसातच बसतो, म्हणून कातडी सोलून तो निघत नाही. शिसे आणि कॅडमियम जास्त करून कल्ले, काळीज, आतडी आणि हाडांत साठतात. चरबीत मुरणारी औषधे कातडीखाली आणि पोटाच्या चरबीत बसतात.

आपल्या बायका तळ्यातल्या माशाला चिंच, आमसूल लावून ठेवतात. मातकट वास जातो, हे खरे. पण तो वास विषाचा नसतो आणि विषाला वास नसतो. वास गेला म्हणजे मासा शुद्ध झाला, हा समज मनातून काढला पाहिजे.

तिसरी गोष्ट शेवाळाची. उन्हाळ्यात तळ्यावर हिरवा रंग ओतल्यासारखी साय येते. त्यातले काही निळे-हिरवे शेवाळ विष तयार करते आणि तेही उकळून जात नाही. अशा दिवसांत तळ्याचे पाणी वापरू नये, गुरांना पाजू नये, मासेही काढू नयेत.

मिनामातामध्ये काय घडले

जपानमध्ये मिनामाता नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. तिथे चिसो कंपनीचा रासायनिक कारखाना पाऱ्याचे सांडपाणी खाडीत सोडत होता. आधी मांजरे वेड्यासारखी उड्या मारून मरू लागली. मग माणसांचे हातपाय थरथरू लागले, बोलणे अडखळू लागले, नजर आकसली. १९५६ साली या रोगाची अधिकृत नोंद झाली. पहिले बळी कोण होते? रोज मासे खाणारी कोळ्यांची गरीब घरे. शेजारीपाजारी त्यांनाच वाळीत टाकू लागले, जणू दोष त्यांचाच. काही आयांना स्वतःला फारसा त्रास नव्हता, पण त्यांची बाळे जन्मतः अपंग निघाली, कारण पारा वारेतून गर्भाच्या मेंदूत पोचतो. कारखान्यातला पाराच याचे कारण आहे हे सरकारने मान्य केले ते १९६८ साली. म्हणजे बारा वर्षांनी.

आता त्याच गोष्टीची दुसरी बाजू. १९७७ ते १९९० या काळात त्या खाडीतला विषारी गाळ उपसून बंदिस्त करण्यात आला. दूषित मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून खाडीच्या तोंडावर जाळे लावले होते. माशांची वर्षानुवर्षे तपासणी झाली आणि मासे सुरक्षित ठरल्यावर १९९७ साली ते जाळे काढले. मेलेले पाणी पुन्हा जिवंत करता येते. फक्त त्याला पैसा, वेळ आणि मोजमाप लागते.

हे दूरचे म्हणून सोडू नका. ठाण्याच्या खाडीतल्या पाऱ्याबद्दल राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी १९८१ सालीच लिहून ठेवले आहे. आपल्याच जिल्ह्यात तारापूरच्या कारखान्यांच्या सांडपाण्यावरून अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाचे दार ठोठावले आणि लवादाने प्रदूषण करणाऱ्यांकडून भरपाई वसूल करण्याचा आदेश दिला. आपला डहाणू तालुका २० जून १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला. त्यावर देखरेखीसाठी १९९६ साली, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण बसले. औष्णिक वीज केंद्राच्या धुरातले गंधक कमी करणारी यंत्रणा बसली ती याच प्राधिकरणाच्या रेट्यामुळे. म्हणजे मागणी रेटली तर हलते.

आपल्या गावतळ्यांत पारा आहे, असे आम्ही म्हणत नाही. गावतळ्याचे पहिले दुखणे बहुधा सांडपाण्याचेच असते. पण तपासल्याशिवाय "आहे" म्हणणे जेवढे चूक, तेवढेच "काही नाही हो, आमचे बापजादे खात आले" म्हणणेही चूक. बापजाद्यांच्या काळात चिकूच्या वाडीत आजच्यासारखी फवारणी नव्हती, तळ्याकाठी बॅटऱ्या, ट्यूबलाइटी आणि प्लास्टिक फेकले जात नव्हते, रंगवलेल्या प्लास्टरच्या मूर्ती पाण्यात जात नव्हत्या. कुणाच्या श्रद्धेला आम्ही नावे ठेवत नाही. पण रंगातले धातू पाण्यात गेले की ते कोणाचा धर्म विचारत नाहीत, सगळ्यांच्या ताटात येतात.

सुशोभीकरण म्हणजे शुद्धीकरण नव्हे

हल्ली तळ्यासाठी निधी आला की काय होते ते आपण पाहतो. काठाला सिमेंटची भिंत, वर रंगीत कठडा, चालायला पेव्हर ब्लॉक, चार दिवे, एक फलक आणि उद्घाटनाचा नारळ. गटाराचे तोंड मात्र होते तिथेच. आम्ही नर्स म्हणून सांगतो, जखमेत पू असताना वरून पांढरी पट्टी बांधली तर पू आतच वाढतो.

सिमेंटची भिंत आणखी एक नुकसान करते. माशांची अंडी आणि पिल्ले काठच्या उथळ पाण्यात, गवतात वाढतात. काठ उभा केला की त्यांचे बाळंतपणाचे घरच जाते. वलगणीच्या माशाला चढायला वाट उरत नाही.

याउलट उदाहरण आपल्याच राज्यात आहे. भंडारा-गोंदियाकडे जुने मालगुजारी तलाव आहेत. तिथला ढिवर समाज पिढ्यानपिढ्या त्यांवर जगतो. तलाव बेशरमाच्या झाडांनी भरले, देशी मासे घटले. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि ढिवर बायाबापड्यांनी मिळून बेशरम उपटले, तळाची नांगरट करून देशी पाणवनस्पती लावल्या आणि देशी माशांना पुन्हा आसरा दिला. कोणता मासा कोणत्या वनस्पतीत अंडी घालतो, हे ज्ञान त्या ढिवरांकडेच होते. तिथे कठडा आधी आला नाही, मासा आधी आला.

म्हणून तळे दुरुस्तीचा क्रम असा असावा. सगळ्यात आधी येणारी घाण थांबवा. गटाराचे पाणी वळवा, वाहणाऱ्या संडासटाक्यांना शोषखड्डे करा, घरातले सांडपाणी तळ्याच्या तोंडाशी केळी, कर्दळ, पाणकणीस यांच्या पट्ट्यातून जाऊ द्या. मग गाळाचा नमुना तपासा. गाळ स्वच्छ निघाला तर उन्हाळ्यात उपसून शेतात टाका, सोन्यासारखे खत आहे. त्यात धातू निघाले तर तो भाजीच्या वाफ्यात जाता कामा नये. न तपासता गाळ ढवळला तर तळाशी बसलेले विष पुन्हा पाण्यात येते. जलपर्णी काढा, पण ती धातू शोषते, म्हणून गुरांना घालू नका. शेवटी मत्स्यबीज सोडा. आणि मासा मोठा झाला की विकण्याआधी त्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवा. देशाच्या अन्नसुरक्षा नियमांत माशातल्या पाऱ्याची सर्वसाधारण मर्यादा किलोमागे ०.५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे मोजायचे कशाशी, हे कायद्याने ठरलेलेच आहे. मोजायला कोणी जात नाही, एवढेच.

तोपर्यंत आपल्या ताटात

तळे शुद्ध व्हायला दोन-तीन वर्षे जातील. पोट तेवढे थांबत नाही. म्हणून वस्तीतल्या ताई, माई, आज्यांसाठी काही साधे नियम.

गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई आणि लहान मुले यांना न तपासलेल्या तळ्यातला मासा देऊ नका. पण मासे बंद करू नका. समुद्रातला छोटा मासा द्या: जवळा, करंदी, मांदेली, बोंबील. छोटा मासा कमी दिवस जगतो, म्हणून त्याच्या अंगात पारा कमी साठतो. सुका जवळा निवडून, धुऊन, भाजून वापरा. खारवलेली सुकी मच्छी भिजवून मीठ काढल्याशिवाय रक्तदाब असणाऱ्यांना देऊ नका. जोडीला अंडे, मटकी, नाचणी, शेवग्याचा पाला ठेवा आणि लोहाच्या गोळ्या चुकवू नका. मळमळत असेल तर आशाताईला सांगा. गोळी रात्री जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो. गोळीवर लगेच चहा नको.

बाकीच्यांनी न तपासलेल्या तळ्यातला मासा आठवड्यातून एखाद्या वेळेपेक्षा जास्त खाऊ नये. मोठ्या मरळीपेक्षा मध्यम रोहू, कटला बरा, कारण मरळ दुसरे मासे खाते आणि त्यांच्यातले सगळे तिच्या अंगात जमते. चिखलात चरणारे मासे कमी खा. पोट, काळीज, कल्ले आणि डोके टाकून द्या, मांजरालाही घालू नका. कातडी आणि पोटाची चरबी काढा. चिंबोरीच्या आतला पिवळा भाग खाऊ नका. हा नियम न तपासलेल्या पाण्यातल्या माशाचा आहे, चांगल्या समुद्रातल्या बोंबलाला तो लावू नका.

मेलेला, तरंगणारा मासा फुकट मिळाला तरी घरात आणू नका. पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकताना दिसले तर पाण्यातला प्राणवायू संपत आला आहे असे समजा आणि ग्रामपंचायतीला लगेच कळवा. औषध ओतून मासे मारण्याचा प्रकार कुठे दिसला तर तो मासा कोणीही खाऊ नये. मासे खाऊन उलट्या, तोंडाला बधिरपणा, धाप असे काही झाले तर उतारा शोधत बसू नका, सरळ दवाखाना गाठा आणि कुठला मासा खाल्ला ते सांगा.

वलगणीच्या माशाच्या पोटात गाभोळी असते. सगळाच मासा त्या एका रात्रीत काढला तर पुढच्या वर्षी काय काढणार? अर्धा मासा तळ्याला सोडा.

कुणी म्हणेल, पंचशील घेणाऱ्यांनी मासेच का खावेत? ज्यांनी सोडले, त्यांच्याबद्दल आदर आहे. पण जिच्या पोटात बाळ आहे आणि घरात दुसरे कसदार काही नाही, तिला कोरडा उपदेश करणे ही करुणा नव्हे. तिला चांगले अन्न मिळवून देणे ही करुणा.

हक्क पाण्यापाशी संपत नाही

२० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव आधीच केला होता, पण तो कागदावर होता. कागदावरचा हक्क ओंजळीत आणण्यासाठी माणसे चालत गेली आणि त्यासाठी त्यांनी मार खाल्ला. त्यानंतर कोर्टाची लढाई १९३७ पर्यंत चालली. आज तळ्यावर जायला आपल्याला कोणी अडवत नसेल. पण तळ्यात गटार सोडले आणि त्यातला मासा खाण्याजोगा राहिला नाही, तर तो हक्क पुन्हा कागदावरच गेला.

आणि आज आपल्या हातात कागद पुष्कळ आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली हिंचलाल तिवारी प्रकरणात सांगितले की तळी ही समाजाची संपत्ती आहे आणि त्यांचे रक्षण निरोगी पर्यावरणाच्या, म्हणजे जगण्याच्या हक्काशी जोडलेले आहे. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याने पाण्यात घाण सोडायला मनाई आहे. डहाणू-तलासरी अनुसूचित क्षेत्र असल्याने १९९६ च्या पेसा कायद्याप्रमाणे लहान जलसाठ्यांच्या नियोजनात गावाचा अधिकार आहे. आपल्या वस्त्या इथे थोड्या आहेत. आजूबाजूला वारली, दुबळा, मांगेला, माच्छी बांधव आहेत. तळ्याचा मासा त्यांच्याही ताटात आहे. म्हणून ही मागणी एकट्या बौद्धवाड्याची नको, सगळ्या गावाची हवी.

येत्या ग्रामसभेत चार गोष्टी लेखी मागा. एक, तळ्यात कुठून कुठून घाण येते त्याची यादी आणि ती बंद करायची तारीख. दोन, पाणी, गाळ आणि मासा या तिन्हींची तपासणी. तीन, तपासणीचा निकाल मराठीत तळ्याकाठी आणि आरोग्य केंद्रात लावणे. चार, तळे ठेक्याने द्यायचे झाले तर काठच्या लोकांना मासे धरण्याचा हक्क राखून ठेवणे. अर्जाची पोच घ्या. उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात विचारा. आणि कोणी म्हणाले की तपासणीला पैसे नाहीत, तर शांतपणे विचारा, कठड्याला होते ना?

वर्षावासात विहारात रोज जमतोच आपण. त्यातली एक संध्याकाळ या विषयाला द्या. तळ्यात गटार कुठे उतरते ते ज्येष्ठांना माहीत असते, मासा कुठे अंडी घालतो ते पोरांना, आणि घरात कोण काय खाते ते बायांना. हे तिन्ही एका वहीत लिहून काढा. ग्रामसभेला तीच वही घेऊन जा.

ती ताई पुढे सुखरूप बाळंत झाली. तिचा मुलगा आता मोठा झाला, वलगणीला सगळ्यात आधी पाण्यात उतरतो. मागच्या पावसाळ्यात त्याने आम्हाला विचारले, "मावशी, हा मासा चांगला आहे का?" आम्ही सांगितले, माहीत नाही बाळा, कोणी तपासलाच नाही. एवढी वर्षे आरोग्याचे काम करून हे उत्तर द्यावे लागले, याची आम्हाला लाज वाटली. पुढच्या मृगापर्यंत निदान एका तळ्याच्या काठावर या प्रश्नाचे उत्तर फलकावर लिहिलेले असावे, एवढेच आपण सगळे मिळून करू या.

नमो बुद्धाय, जयभीम.